द्रोणागिरी आणि कुस्को

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात कुस्को नावाचे प्राचीन शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेली ही इन्का सम्राटांची राजधानी. या शहरातून आजकाल एका दिवसाच्या सहली निघतात. सकाळी साक्सायवामानच्या प्रचंड शिळांची तटबंदी पाहावी, मग उरुबांबा नदीच्या खोल दरीत उतरून पिसाक आणि ओल्यांतायतांबो येथील अवशेष पाहावेत आणि सायंकाळी परतावे, असा तो क्रम असतो. आपल्याकडील हौशी प्रवासीही अलीकडे तिकडे जाऊ लागले आहेत. त्यांची छायाचित्रे पाहताना आणि वर्णने ऐकताना आम्हाला राहून राहून आठवण होते ती पनवेलच्या पश्चिमेकडील करंजा गावाची आणि त्याच्या माथ्यावरील द्रोणागिरीची.

ही तुलना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. द्रोणागिरीची उंची जेमतेम हजार फुटांच्या आतबाहेर. त्याच्या पायथ्याशी अँडीज पर्वतातील दरी नाही, तर भरती-ओहोटीने श्वास घेणारी करंजाची खाडी आहे. तथापि या दोन डोंगरांच्या इतिहासाचे धागे एकाच काळी, एकाच द्वीपकल्पातून आलेल्या हातांनी विणले आहेत, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

फ्रान्सिस्को पिझारोच्या स्पॅनिश सैन्याने कुस्कोत प्रवेश केला तो नोव्हेंबर १५३३ मध्ये. त्यानंतर वर्षभरातच, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. करंजा बेटही पोर्तुगीज अमलाखाली आले. एकाच पिढीतील माणसांनी जगाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन डोंगरांवर आपापले झेंडे रोवले.

पनवेलहून सकाळी निघाले, तर द्रोणागिरीची सहल एका दिवसात सहज होते. जासईवरून उरण गाठावे आणि करंजाच्या वाटेवर डोंगराला भिडावे. आम्ही काही मंडळी हिवाळ्यात वर गेलो, तेव्हा गवत पिवळे पडले होते व पायवाट स्पष्ट दिसत होती. माथ्यावर तटाचे तुकडे, पाण्याची टाकी आणि छप्पर हरवलेल्या भिंती आढळतात. पोर्तुगीजांनी येथे 'नोस्सा सेन्योरा दा पेन्हा', म्हणजे कड्यावरची माता, या नावाने देऊळ बांधले होते. उत्तरेस घारापुरी व मुंबईचे बंदर, दक्षिणेस खाडीपलीकडे रेवस आणि पूर्वेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, असा सारा देखावा येथून दिसतो. पहाऱ्यासाठी याहून उत्तम जागा शोधून सापडली नसती.

परंतु या डोंगराचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही. शेजारच्या चांजे गावी शिलाहार राजांचे बाराव्या-तेराव्या शतकांतील दानलेख सापडले आहेत. त्याहून जुनी आहे ती लोकांची स्मृती. हनुमंताने द्रोणगिरी उचलून नेताना त्याचा एक तुकडा येथे पडला, असे गावकरी सांगतात. पायथ्याच्या करंजात द्रोणागिरी देवीचे मंदिर असून कोळी बांधवांची तिच्यावर निष्ठा आहे. डोंगराचे हे नाव पोर्तुगीजांना पुसता आले नाही.

कुस्कोतही असेच घडले. इन्कांच्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर डोमिनिकन संन्याशांचा मठ उभा राहिला. साक्सायवामानचे हलवता येण्याजोगे दगड नव्या शहराची घरे व देवळे बांधण्यासाठी वाहून नेण्यात आले. १९५० साली मोठा भूकंप झाला, तेव्हा वरच्या मठाची पडझड झाली, मात्र चुन्याशिवाय सांधलेल्या खालच्या इन्का भिंती जागच्या हलल्या नाहीत. जेत्यांच्या भिंतींना तडे जावेत आणि जितांच्या भिंती टिकून राहाव्यात, हा इतिहासाचा मोठा सूचक न्याय आहे.

या दोन डोंगरांचे नाते येथेच संपत नाही. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे होते. म्हणजे साठ वर्षे द्रोणागिरी आणि कुस्को एकाच मुकुटाखाली नांदत होते! त्या काळात पोतोसीच्या खाणींतील रुपे, ज्यासाठी अँडीजमधील मूळ रहिवाशांना सक्तीने राबवले जाई, युरोपमार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचत होते. तेथील मिरची आपल्या कालवणात आली आणि बटाट्याने तर आपले पोर्तुगीज नावही टिकवले. आज करंजाच्या कोळणीचा मसाला मिरचीवाचून होत नाही. साम्राज्ये बुडाली, पण त्यांच्या जहाजांतून आलेले बियाणे आपल्या मातीत रुजले.

याच साठ वर्षांत दोन ग्रंथ छापले गेले. पहिला १६०९ साली लिस्बनमध्ये. त्याचा कर्ता इन्का गार्सिलासो दे ला वेगा हा कुस्को येथे १५३९ साली जन्मला. त्याचा पिता स्पॅनिश सरदार, तर माता इन्का राजकुळातील. आईच्या वृद्ध चुलत्याकडून बालपणी ऐकलेल्या कथा त्याने स्पॅनिश भाषेत लिहून काढल्या आणि आपल्या मातुल कुळाचा इतिहास जगापुढे ठेवला. तो श्रद्धावान ख्रिस्ती होता, पण ख्रिस्ती होण्यासाठी आईच्या माणसांना विसरावे लागते, असे त्याने मानले नाही. दुसरा ग्रंथ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापला गेला. तो फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण'. जन्माने इंग्रज असलेल्या या येशूसंघीयाने प्रभूची कथा मराठीतून, पुराणाच्या घाटात सांगितली.

राज्यकर्त्यांना हे मानवले नाही. १६८४ साली गोव्यात स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज बोलण्याची सक्ती करणारा हुकूम निघाला. पेरूमध्ये १७८०-८१ च्या तुपाक आमारूच्या बंडानंतर गार्सिलासोच्या ग्रंथावर बंदी आली व केचुआ भाषेची गळचेपी झाली. तरीही केचुआ अँडीजच्या खेड्यांतून आज बोलली जाते, आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाज आपली मराठी बोली घरात, लग्नात व गाण्यांत जपून आहे. ज्या भाषेने हे अवशेष ओळखायचे, ती भाषा अवशेषांहून अधिक चिवट निघाली.

द्रोणागिरीचे पुढील राजकारण थोडक्यात सांगता येईल. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या मोहिमेने पोर्तुगीजांची उत्तर कोकणातील सत्ता संपवली आणि करंजा मराठ्यांकडे आले. पुढे इंग्रजांनी ते घेतले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी आणि घारापुरीसह त्यांच्याकडे कायम झाले. त्यानंतर माथ्यावरील किल्ल्याला राजकीय अर्थ उरला नाही. राहिले ते पायथ्याचे जीवन: मिठागरे, भातखाचरे, होड्या.

तेही आता झपाट्याने पालटले आहे. करंजासमोरील खाडीत पाताळगंगा येऊन मिळते. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी टाटांनी १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहात उतरवले, तेव्हापासून एरवी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी या खाडीत येऊ लागले. नदीची दिशा बदलू शकणाऱ्या माणसाने जमिनीचे रूपही बदलले. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढताना उरणच्या शेतकऱ्यांनी प्राण वेचले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि २०२४ साली सागरी सेतू व उरणची रेल्वे आली. द्रोणागिरी हे नाव आता नव्या वसाहतीच्या फलकांवर झळकते. ज्या डोंगरावरून ते घेतले, तो मात्र फलकांमागे दिसेनासा होत चालला आहे.

म्हणूनच आमचे आवर्जून सांगणे आहे. माथ्यावरील भिंतींत झाडांची मुळे शिरली आहेत. प्रत्येक पावसाळ्यात काही दगड निसटतात. 'हे परक्यांचे, त्याचे आम्हाला काय' असे म्हणून एकजण पाठ फिरवतो, तर 'हे आमच्या देवळाचे' एवढेच पाहून दुसरा देवी, शिलालेख आणि मिठागर विसरतो. दोघांच्याही हातून ठेवा निसटतो. आराखडा पोर्तुगीजांनी काढला असेल, पण दगड डोंगरावर चढवणारे खांदे याच किनाऱ्यावरील माणसांचे होते. त्यांपैकी कोणी पुढे ख्रिस्ती झाले, कोणी हिंदू राहिले. ते श्रम मात्र एकाच गावाचे आहेत.

गार्सिलासोने आपल्या आईच्या माणसांच्या आठवणी कागदावर उतरवल्या नसत्या, तर त्या आज आपणास समजल्या नसत्या. करंजा, उरण व पनवेल परिसरातील वृद्ध मंडळींकडे अजून कितीतरी आठवणी आहेत: गाणी, शेतांची नावे, होड्यांच्या वाटा, डोंगरावरील पाण्याच्या जागा. आमच्या तरुण वाचकांनी सुटीचा एक दिवस काढून द्रोणागिरी चढावा, भिंतींची मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत आणि उतरल्यावर एखाद्या कोळी किंवा आगरी आजोबांजवळ तासभर बसून ऐकावे, लिहून घ्यावे. दगड किती पावसाळे टिकतील, हे आपल्या हाती नाही. माणसाचे बोलणे टिपून ठेवणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.