सरोवराकाठचा मुक्काम

मोटारीमागे घर जोडून उन्हाळ्यात प्रवासाला निघणाऱ्या अमेरिकन कुटुंबाच्या मुक्कामाच्या जागेविषयी दोन अपेक्षा असतात, आणि त्या दोन्ही एकाच वेळी पुरवून घेण्याचा त्याचा हट्ट असतो. ट्रेलरचे दार उघडताच समोर नदीचे वा सरोवराचे पाणी दिसावे, शेजारच्या गृहस्थाचे तोंड शक्यतो दिसू नये, ही पहिली. आणि त्याच ठिकाणी पिण्याच्या पाण्याचा नळ, 30 किंवा 50 अँपिअरचा विजेचा खांब आणि साधल्यास मैला वाहून नेणारी नळीही हाताशी असावी, ही दुसरी. थोडक्यात, अरण्य हवे, पण नगरपालिकेसकट हवे. हा हट्ट पुरवला गेला तो निसर्गाच्या औदार्यामुळे नव्हे, तर नगरपालिका, वनखाते, लष्कराचे अभियंते आणि धरणे यांच्या अर्धशतकाच्या कारभारामुळे, आणि त्या कारभाराचा इतिहास काठावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला सहसा ठाऊक नसतो.

पहिल्या महायुद्धानंतर फोर्डची स्वस्त मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, तेव्हा रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी, कोणाच्याही शेताच्या बांधावर तंबू ठोकण्याची वहिवाट पडली. 1919 साली फ्लॉरिडातील टँपा शहराच्या डिसोटो उद्यानात अशा भटक्यांनी आपला संघ स्थापन केला. डब्यातले अन्न खाऊन राहणाऱ्या या मंडळींनी ‘टिन कॅन टूरिस्ट’ हे नाव अभिमानाने मिरवले, आणि मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची बिरादरीची खूण ठरली. गावोगावच्या व्यापाऱ्यांनी हिशेब केला की हे पाहुणे गावाबाहेर घाण करण्यापेक्षा गावात राहून पेट्रोल आणि किराणा विकत घेतील तर बरे. म्हणून नगरपालिकांनी फुकट छावण्या उघडल्या. डेन्व्हरने साउथ प्लॅट नदीच्या काठी, जुन्या घोडदौडीच्या मैदानावर उभारलेली ओव्हरलँड पार्क ही सुमारे 160 एकरांची छावणी त्या काळी देशभर नावाजलेली होती. तेथे दुकान होते, धुलाईची सोय होती, नृत्याचा दिवाणखानाही होता. पाण्याचा काठ आणि नागरी सोय यांची ही पहिली सोयरीक.

ती फार काळ फुकट राहिली नाही. मोटार जसजशी आणखी स्वस्त झाली तसतसे सहलीला निघालेल्या सुखवस्तू कुटुंबांच्या शेजारी कामधंद्याच्या शोधात भटकणारी गरीब कुटुंबेही येऊन राहू लागली, आणि नगरपालिकांना एकाएकी आरोग्याची व नीतीची आठवण झाली. 1920 च्या दशकाच्या मध्यापासून रोजची फी, नावाची नोंद आणि मुक्कामाची मुदत असे तीन निर्बंध जागोजागी आले. फी पन्नास सेंटांच्या आसपास असे. ज्याला बाहेर ठेवायचे होते त्याला बाहेर ठेवण्यास ती पुरेशी होती, आणि मला वाटते, तिचा खरा हेतू उत्पन्न हा नव्हताच.

1930 च्या सुमारास डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन यांनी कारखान्यात ट्रेलर बनवून विकण्यास आरंभ केला. 1936 मध्ये वॉली बायम यांचा चकचकीत अॅल्युमिनियमचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आला. आणि रॉजर बॅब्सन या अर्थशास्त्रज्ञाने तर वीस वर्षांत निम्मे अमेरिकन चाकांवरच्या घरांत राहतील असे भाकीत करून टाकले. भाकीत खोटे ठरले, परंतु त्यामुळे उठलेली धास्ती खरी होती. घर आले म्हणजे घरातले सांडपाणी आले, दिवा आला. आणि ज्या देशात 1935 साली दर दहा शेतघरांपैकी नऊ घरांत वीज नव्हती, त्या देशात नदीकाठच्या झाडाखाली विजेचा खांब मिळणे हे स्वप्नच होते. ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना त्याच वर्षी सुरू झाली, हे या कथेत ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे एका विस्मृत पुरुषाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. एमिलिओ माइनेके हे वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ; झाडांच्या बुरशीचा अभ्यास करणारे. कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवुड वृक्षांखाली मोटारी वाटेल तशा फिरवल्या जातात, त्यांच्या चाकांखाली व माणसांच्या पायांखाली माती दबून घट्ट होते, मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते आणि ज्या सावलीसाठी लोक येतात ती सावलीच हळूहळू मरते, असे त्यांनी दाखवून दिले. निदान करून ते थांबले नाहीत; 1932 साली त्यांनी उपायाची तजवीजही मांडली. छावणीत एकेरी वळणाचा रस्ता असावा; त्याला फुटलेल्या आखूड फाट्यावर प्रत्येक मोटारीने उभे राहावे; फाट्याच्या कडेला धोंडे रोवून चाकांना मज्जाव करावा; चूल आणि मेज जमिनीत पक्के बसवावे, म्हणजे माणसांच्या पायवाटाही आपोआप ठरतील. आज अमेरिकेतल्या कोणत्याही सरकारी मुक्कामस्थळी जो क्रमांकाचा खांब, जो फाटा आणि जे अचल मेज दिसते, त्याची सनद या रोगचिकित्सकाने लिहिली आहे. मोटार एका ठरावीक जागी थांबल्यावाचून नळ आणि तार तिच्यापर्यंत नेणे शक्यच नव्हते. झाडाची मुळे वाचवण्यासाठी आखलेली रचना पुढे नळजोडणीच्या उपयोगी पडली, हा त्यांच्या हेतूचा विपर्यास म्हणावा की विस्तार, हे मी वाचकांवर सोपवतो. मंदीच्या वर्षांत सरकारने बेकार तरुणांची जी पथके उभारली, त्यांच्या हातांनी हा आराखडा देशभर प्रत्यक्षात उतरला.

परंतु काठ आला कोठून? नैसर्गिक सरोवरांचे उत्तम काठ तोवर खाजगी बंगल्यांनी बळकावले होते. नवा काठ धरणांनी निर्माण केला. 1944 च्या पूरनियंत्रण कायद्याने लष्कराच्या अभियांत्रिकी खात्याला आपल्या जलाशयांवर लोकांच्या विहाराच्या सोयी बांधण्याचा अधिकार दिला. नदीचे खोरे आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या घळी पाण्याने भरल्या म्हणजे जलाशयाला असंख्य फाटे फुटतात, आणि त्याचा काठ त्याच्या लांबीच्या कित्येक पट होतो. शिवाय पुराचे पाणी चढेल त्या रेषेपर्यंतची पट्टी बहुतेक ठिकाणी सरकारला ताब्यात घ्यावीच लागते. हाच तो मोकळा काठ. मिसुरी राज्यातली दोन सरोवरे शेजारी ठेवली की मुद्दा स्पष्ट होतो: लेक ऑफ द ओझार्क्स 1931 साली एका खाजगी वीज कंपनीने बॅग्नेल धरण बांधून केले, म्हणून त्याचा बहुतेक काठ बंगलेवाल्यांच्या मालकीचा आहे; 1958 मध्ये धरण पुरे होऊन झालेले टेबल रॉक सरोवर लष्करी अभियंत्यांचे, म्हणून तेथे पाण्यालगतच्या सरकारी जागेत ट्रेलर उभा करता येतो. काठ कोणाचा, हे धरण कोणी बांधले त्यावर ठरले. अर्थात सरकारी म्हणजे सर्वांचा असेही नव्हते. टेनेसी खोऱ्यात चिकामॉगा सरोवराकाठी कृष्णवर्णीयांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नावाचे निराळे उद्यान राखून ठेवले गेले, कारण इतर उद्यानांत त्यांना थारा नव्हता.

आणि त्या काठाचा मोबदला कोणी दिला? उत्तर डकोटातील गॅरिसन धरण 1947 ते 1953 या काळात मिसुरी नदीवर बांधले गेले. त्याच्या पाण्याखाली फोर्ट बर्थोल्ड येथील मंडान, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमातींची दीड लाख एकरांहून अधिक जमीन गेली. नदीकाठची सुपीक शेती, इंधनाचे लाकूड, दवाखाना व शाळा असलेले एल्बोवुड्स हे गाव, सारे बुडाले, आणि बहुसंख्य कुटुंबांना वरच्या उजाड, वाऱ्याच्या पठारावर जावे लागले. 1948 च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या होत असताना जमातींच्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हाताने चेहरा झाकून रडत आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात सही करणारे मंत्री शांत दिसतात. आज त्या सरोवराला साकाकाविया हे एका आदिवासी स्त्रीचे नाव आहे, आणि त्याच्या काठावर वीजजोडणीसह मुक्कामाच्या जागा आहेत. धरणग्रस्तांच्या कहाण्या आपल्याला अपरिचित नाहीत. नवल एवढेच की तिथे धरणाचे पाणी शेताला आणि गिरणीला जितके उपयोगी पडले, तितकेच सुटीलाही पडले.

खाजगी व्यवहाराचा प्रवेश यानंतरचा. 1962 साली सिअॅटल येथील जागतिक प्रदर्शनाकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ पाहून मोंटानातील बिलिंग्ज गावच्या डेव्ह ड्रम यांनी यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर मुक्कामाची जागा उघडली. रात्रीचे पावणेदोन डॉलर, त्यात मेज, शेकोटी, गरम पाण्याचे स्नानगृह आणि दुकान. त्या एका काठावरून ‘केओए’ ही देशव्यापी साखळी निघाली. तत्पूर्वी 1957 मध्ये एअरस्ट्रीमने स्वतःची टाकी व स्वतःची वीज बाळगणारा ट्रेलर आणून जोडण्यांची गरज संपवल्याचा डंका पिटला होता. प्रत्यक्षात गिऱ्हाईक जोडण्याच मागत राहिले.

अशी काठावरची जागा शोधणाऱ्याने म्हणून हा इतिहास थोडा लक्षात ठेवावा. अभियांत्रिकी खात्याच्या ठिकाणी पाण्याकाठच्या म्हटलेल्या जागांची ओळ बहुधा खरोखर पाण्यालगत असते, वीज आणि नळ सहसा मिळतात, मैल्याची जोडणी क्वचित. टाकी निघताना वाटेवरच्या ठिकाणी रिकामी करायची. बासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाला संघराज्याचा ज्येष्ठांचा परवाना दाखवल्यास तेथे सहसा निम्मे भाडे पडते, आणि चांगल्या जागा सहा महिने आधी आरक्षण खुले होताच संपतात. खाजगी ठिकाणी तिन्ही जोडण्या मिळतील, पण जाहिरातीतले पाणी किती पावलांवर आहे हे आधी नकाशावर पाहावे. आणि जलाशय असेल तर पाण्याची पातळी विचारावी, कारण हा काठ अभियंत्यांच्या हुकमाने आणि पावसाच्या मर्जीने पुढेमागे सरकतो. 1936 साली विहारक्षेत्र म्हणून सुरू झालेल्या लेक मीडचे पाणी 2022 च्या उन्हाळ्यात, जलाशय प्रथम भरू लागला त्या 1930 च्या दशकानंतरच्या सर्वांत खालच्या पातळीला गेले; नावा उतरवण्याचे उतार बंद करावे लागले वा लांबवावे लागले, आणि 1938 साली बुडालेल्या सेंट थॉमस गावाचे पाये तर गेली वीसेक वर्षे उघड्यावरच पडले आहेत.