विद्युत कामगार, चुंबकीय क्षेत्र आणि ल्युकेमिया : एका संशोधनप्रश्नाची वाटचाल

विजेचा इतिहास बहुधा शोध आणि औद्योगिक प्रगती यांच्या अंगाने लिहिला गेला. वीजवाहिन्या व उपकेंद्रे सांभाळणाऱ्या कामगारांना चुंबकीय क्षेत्रामुळे रक्ताचा कर्करोग होतो काय, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच पुढे आला.

१९७९ मध्ये नॅन्सी वर्दायमर व एड लीपर यांनी अमेरिकेतील डेन्व्हर येथे घरांजवळील वीजवाहिन्या आणि बालकांचा कर्करोग यांचा संबंध सुचविला. १९८२ मध्ये सॅम्युएल मिलहॅम यांनी वॉशिंग्टन राज्यातील पुरुषांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. विजेशी संबंधित ११ व्यवसायांपैकी १० व्यवसायांत ल्युकेमियाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. तथापि नोंदीत केवळ व्यवसाय होता. क्षेत्राची तीव्रता मोजलेली नव्हती. शिवाय काही विद्युत कामांत रासायनिक द्रावकांशीही संपर्क येतो आणि त्यांपैकी बेंझिन ल्युकेमियास कारणीभूत ठरते, हे ज्ञात होते.

ही उणीव दूर करण्यासाठी कामगारांच्या अंगावर मापकयंत्रे बसवून नोंदी घेण्यात आल्या. १९९४ मध्ये थेरिओ व सहकाऱ्यांनी कॅनडा व फ्रान्समधील तीन वीजसंस्थांच्या २,२३,२९२ कामगारांच्या अभ्यासात तीव्र मायलॉइड ल्युकेमियाशी संबंध नोंदविला. परंतु संपर्क वाढताच धोकाही क्रमाने वाढतो, असे स्पष्ट दिसले नाही. १९९५ मध्ये सॅविट्झ व लूमिस यांना अमेरिकेतील पाच वीजकंपन्यांच्या १,३८,९०५ कामगारांत ल्युकेमियाशी संबंध आढळला नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात अतिनिम्न वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रास ‘संभाव्यतः कर्करोगकारक’ (गट २ ब) ठरविले. या निर्णयाचा आधार बालकांचा ल्युकेमिया होता. कामगारांविषयीचा पुरावा अपुरा मानला गेला. आंतरराष्ट्रीय अनायनकारी प्रारण संरक्षण आयोगाची २०१० मधील ५० हर्ट्झसाठीची १००० मायक्रोटेस्ला ही व्यावसायिक मर्यादाही मज्जासंस्थेवरील तात्कालिक परिणामांवर आधारलेली आहे, कर्करोगावर नव्हे.

सारांश, मापन जसजसे काटेकोर झाले तसतसा आरंभीचा संशय दृढ न होता संदिग्ध राहिला. मात्र पुराव्याचा अभाव म्हणजे निर्धोकतेचा पुरावा नव्हे. व्यवसायाच्या नावापलीकडे जाऊन प्रत्यक्ष संपर्काची नोंद ठेवणे, हाच या इतिहासाचा बोध होय. कारण ज्याची नोंद नाही, त्या कामगाराचा धोका सिद्धही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही.