खेळण्यातली गाडी आणि बार्शी लाईट

दोन रुळांमधले अंतर ही कोणत्याही रेल्वेची पहिली ओळख. भारतातील रुंद मार्गाचे हे अंतर 1676 मिलिमीटर आहे. कुर्डुवाडी-बार्शी-लातूर मार्गाचे ते अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर होते. माथेरानच्या गाडीचे दोन फूट. छंद म्हणून घराच्या परसात वाफेची गाडी चालवणारे लोक सव्वासात किंवा पाच इंचांचे रूळ घालतात, तर दिवाणखान्यात मांडायच्या गाडीला 16.5 मिलिमीटर पुरतात. ही उतरंड एका ओळीत मांडली, की खरी गाडी कोठे संपते आणि खेळणे कोठे सुरू होते, हा प्रश्न उभा राहतो. मराठी माणसांच्या इतिहासात ही सीमारेषा एकदा नव्हे, अनेकदा पुसली गेली आहे.

पहिले उदाहरण ग्वाल्हेरचे. माधवराव शिंदे (1876-1925) यांना इंजिनांचा विलक्षण नाद होता. त्यांनी राजवाड्याच्या आवारात दोन फुटी रूळ घातले आणि त्यावरून ते स्वतः इंजिन चालवत. पुढे हेच माप संस्थानाच्या रेल्वेने स्वीकारले. 1899 मध्ये भिंड आणि शिवपुरीच्या दिशांना गाड्या धावू लागल्या आणि 1909 मध्ये रूळ श्योपूरला पोचले. ग्वाल्हेर-श्योपूर हा सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग 2020 पर्यंत प्रवासी वाहत होता. वाड्यातली हौस अशी शंभर वर्षांहून अधिक काळ खेड्यापाड्यांच्या उपयोगी पडली. जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडीही याच नादाचे फळ. पाहुण्याने डब्यातली सुरई उचलली की ती थांबे, परत ठेवली की पुढे निघे.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आहे. जळकोट-उदगीरकडच्या माणसाला बार्शी-पंढरपूरकडे जायचे, तर लातूरहून बार्शी लाईटच गाठावी लागे. या रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप (1857-1927) हा इंग्रज अभियंता. बार्शी ही कापसाची मोठी पेठ असूनही जीआयपीचा लोहमार्ग तिला वगळून दूरवरून गेला होता. रुंद मार्गाचा खर्च परवडणारा नव्हता. कॅल्थ्रॉपने हिशेब उलटा मांडला. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असे त्याने ठरवले. भार सगळीकडे सारखा वाटला गेल्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरेसे झाले. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रुळांचा एक तुकडा टाकून त्याने आपली गाडी जाणकारांना दाखवली. एका परीने ती मोठ्या आकाराची नमुना-गाडीच होती. 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी मार्ग सुरू झाला, 1911 मध्ये रूळ निजामाच्या राज्यातील लातूरला पोचले आणि 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरज गाठली गेली. 1954 मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात आली.

लहान करणे म्हणजे नुसते आखूड करणे नव्हे, हे कॅल्थ्रॉपला उमगले होते. परसातली वाफेची गाडी बांधणाऱ्यालाही हाच धडा गिरवावा लागतो. बाष्पक निम्म्या मापाचा केला, तर त्याचा पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो, पण पाणी एक अष्टमांशच मावते. मावणाऱ्या पाण्याच्या मानाने बाहेरचा पत्रा जास्त, त्यामुळे लहान इंजिन लवकर थंड होते. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी प्रमाणात बारीक केली, तर पाणी तिला चिकटून खोटी पातळी दाखवते. रूळ लहान करता येतात, पाण्याचा स्वभाव नाही. म्हणून नकलेतही नवे शोधावे लागते.

खेळण्याच्या मापाचे काम महाराष्ट्रात कोणी मनावर घेतले असेल, तर पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी. कोथरूड भागातले त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी खुले झाले. तेथे मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान मापाच्या गाड्या स्थानके, सिग्नल, घाट आणि शहर यांच्यातून धावतात. पेशवे उद्यानातल्या, 1956 साली सुरू झालेल्या ‘फुलराणी’त बसलेल्या पुणेकराला ही हौस परकी वाटत नाही.

आता बार्शी लाईटकडे वळू. कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक-मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी रेल्वे उभारण्यास हातभार लावला. ती 1904 मध्ये सुरू होऊन 1934 मध्ये बंद पडली, तिची इंजिने मोडीत निघाली. आज त्या रुळांच्या जागी पायवाट आहे. तरीही तिची इंजिने लहान रूपात चालतात, कारण छंदिष्टांनी आराखडे, छायाचित्रे आणि मापे जमवून ती पुन्हा घडवली. आपल्याकडे लातूर ते कुर्डुवाडीचे रुंदीकरण 2007-08 मध्ये पुरे झाले. ते हवेच होते. आज लातूरहून मुंबईला थेट गाडी जाते, ती त्यामुळेच. परंतु रूळ उखडले गेले, तेव्हा त्यांच्यासोबत काय गेले, याची नोंद कोणी घ्यायची?

संशोधकाला कंपनीचे अहवाल पुरतात. त्यांत भांडवल, नफा आणि मैल सापडतात. नमुना करणारा वेगळे विचारतो. डब्याची पायरी जमिनीपासून किती उंच होती? खिडकीला गज होते की फळ्या? बाकडी लांबीने होती की आडवी? पाणी भरायला गाडी किती वेळ थांबे? हे कागदोपत्री क्वचितच मिळते. ते प्रवाशाच्या गुडघ्यांना आणि फायरमनच्या खांद्यांना ठाऊक असते. एखादे इंजिन चौथऱ्यावर उभे करता येते, पण चौथऱ्यावरचे इंजिन या प्रश्नांची उत्तरे देत नाही.

म्हणून खेळण्यातल्या गाडीकडे बालिश छंद म्हणून पाहणे परवडणारे नाही. इंचाइंचाने विचारलेला प्रश्न हीही इतिहासाची एक पद्धत आहे. कुर्डुवाडीच्या कारखान्यात हात काळे केलेले, लातूरच्या फलाटावर हमाली केलेले, वारीला त्या डब्यांत दाटीवाटीने बसलेले लोक अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ टेप आणि वही घेऊन बसायला लागणारा वेळ मात्र दरवर्षी कमी होत आहे.