हिरात्सुका ते बोल्टन : हिदेतोशी नाकाताची कारकीर्द

हिदेतोशी नाकाता १९९५ ते २००६ अशी अकरा वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळला. याच काळात जपानचा संघ विश्वचषकाच्या उंबरठ्यावरून आत आला, यजमान झाला आणि युरोपातल्या क्लबांनी जपानी मिडफिल्डरांकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली.

त्याआधीचा जपानी फुटबॉल हौशी वळणाचा होता. १९६५ पासून चाललेल्या राष्ट्रीय लीगमध्ये मित्सुबिशी, यानमार यांसारख्या कंपन्यांचे संघ खेळत. यासुहिको ओकुदेरा १९७७ मध्ये जर्मनीच्या कोलोन संघात गेला आणि पुढच्याच वर्षी लीगविजेता ठरला, पण असे उदाहरण विरळा. मे १९९३ मध्ये दहा व्यावसायिक क्लबांची जे-लीग सुरू झाली. त्याच ऑक्टोबरात दोहा येथे इराकने अखेरच्या क्षणी बरोबरी साधल्याने जपानची विश्वचषकाची संधी हुकली.

नाकाताचा जन्म २२ जानेवारी १९७७ रोजी यामानाशी प्रांतातल्या कोफू शहरात झाला. निरासाकी हायस्कूलमधून तो १९९५ मध्ये थेट बेलमारे हिरात्सुका क्लबमध्ये दाखल झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राझीलला १-० ने हरवणाऱ्या जपानी संघात तो होता. दोन सामने जिंकूनही गोलफरकामुळे जपान साखळीतच बाद झाला.

१६ नोव्हेंबर १९९७ रोजी मलेशियातल्या जोहोर बाहरू येथे विश्वचषक पात्रतेची लढत झाली. प्रतिस्पर्धी होता इराण. नाकाताने बचावफळी भेदून दिलेल्या पासवर नाकायामाने पहिला गोल केला. इराणने उलटून २-१ अशी आघाडी घेतल्यावर नाकाताच्याच क्रॉसवर जो शोजीने हेडर मारून बरोबरी साधली. जादा वेळ संपत आला असताना नाकाताचा फटका गोलरक्षकाने अडवला, पण सुटलेला चेंडू ओकानोने जाळ्यात ढकलला. ‘गोल्डन गोल’च्या तेव्हाच्या नियमाने सामना तिथेच संपला आणि जपान प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षे नाकाता आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९९८ च्या विश्वचषकात जपानने तिन्ही सामने गमावले, तरी नाकाताला इटलीच्या पेरुजा क्लबने करारबद्ध केले. चार वर्षांपूर्वी जपानचाच काझुयोशी मिउरा इटलीतल्या जेनोआ क्लबात एकच हंगाम टिकला होता, त्यामुळे नाकाताचे काय होणार याबद्दल शंकाच होती. १३ सप्टेंबर १९९८ रोजी गतविजेत्या युव्हेंटसविरुद्ध मध्यंतरानंतर त्याने दोन गोल केले. पेरुजा ३-४ ने हरला, पण नाकाताने आपली जागा पक्की केली. त्या हंगामात त्याने लीगमध्ये दहा गोल नोंदवले.

जानेवारी २००० मध्ये तो रोमाकडे गेला. तिथे तोत्ती त्याच्याच जागेवर खेळत असल्याने त्याच्या वाट्याला बहुधा राखीव बाक येई. शिवाय युरोपीय संघाबाहेरचे मोजकेच खेळाडू सामन्यात उतरवता येत. ही मर्यादा मे २००१ च्या आरंभी उठली आणि ६ मे रोजी तुरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध त्याला बाकावर बसवता आले. रोमा ०-२ ने मागे होता. प्रशिक्षक कापेलो यांनी तोत्तीला बाहेर काढून नाकाताला उतरवले. त्याने लांबून मारलेल्या फटक्याने पहिला गोल झाला. शेवटी त्याचाच दुसरा फटका युव्हेंटसचा गोलरक्षक व्हॅन डर सारच्या हातून निसटला आणि मोंतेलाने तो गोलात घातला. सामना २-२ असा सुटला. हंगामाअखेर रोमाने अवघ्या दोन गुणांनी युव्हेंटसला मागे टाकून विजेतेपद पटकावले.

पुढे पार्माने त्याला मोठी रक्कम मोजून घेतले. २००२ चा इटालियन चषक पार्माने युव्हेंटसला नमवून जिंकला. तुरीनमधल्या पहिल्या लढतीत पार्मा १-२ ने हरला, तो एक गोल नाकाताचा होता. घरच्या मैदानावर १-० ने जिंकल्यावर परक्या मैदानावरचा हाच गोल निर्णायक ठरला. त्याच वर्षी दक्षिण कोरियासह यजमान असलेल्या जपानने प्रथमच विश्वचषकाची बाद फेरी गाठली. साखळीत ट्युनिशियाविरुद्धच्या २-० विजयात नाकाताने हेडरने गोल केला.

त्यानंतर उतार लागला. बोलोन्या, फिओरेंटिना आणि शेवटी इंग्लंडचा बोल्टन असे क्लब बदलत गेले. २००६ च्या विश्वचषकात ब्राझीलकडून १-४ असा पराभव होऊन जपान साखळीतच बाद झाला. ३ जुलै २००६ रोजी नाकाताने आपल्या संकेतस्थळावरून निवृत्ती जाहीर केली. वय होते अवघे २९. राष्ट्रीय संघाकडून त्याने ७७ सामन्यांत ११ गोल केले.

तोवर त्याचे समकालीनही युरोपात रुळले होते. शिंजी ओनोने हॉलंडच्या फेयेनूर्दकडून २००२ चा यूएफा चषक जिंकला, तर शुन्सुके नाकामुरा इटलीतल्या रेजिनामार्गे स्कॉटलंडच्या सेल्टिकमध्ये पोहोचला. मिउराच्या वेळी अपवाद वाटणारी गोष्ट दशकभरात जपानी मिडफिल्डरांची नेहमीची वाट बनली.