हरवलेल्या आवाजाची उसनवारी

मार्च १९९२. अमेरिकेत सॅन डिएगो येथे भरलेल्या ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’च्या बैठकीतील भाषणे तीन खंडांतील सुमारे २० ठिकाणी इंटरनेटवरून थेट ऐकवली गेली. या प्रयोगातून ‘एमबोन’ हे जाळे उभे राहिले. वक्त्याकडून आवाजाचे पॅकेट एकदाच निघे. वाटेतील फाट्यांवर त्याच्या प्रती होत. या पद्धतीला मल्टिकास्ट म्हणतात.

पॅकेटे वाटेत गहाळही होत. फाइल पाठवताना प्रत्येक पॅकेटची पोच घेऊन हरवलेले पुन्हा धाडता येते. येथे मात्र हजार श्रोत्यांच्या पोचपावत्या एकदम आल्या, तर त्यांच्याखाली मूळ संगणकच गाडला जाई.

१९९५ मध्ये सॅली फ्लॉइड, व्हॅन जेकबसन, स्टीव्हन मकॅन, चिंग-गुंग लिऊ आणि लिशिया झांग यांनी निराळी वाट मांडली. उणे पॅकेट समूहाकडे मागावे. ज्याच्यापाशी ते असेल त्या कोणीही द्यावे. मग सगळेच एकदम मागू लागले तर? खरी बुद्धिमत्ता येथे दिसते. मागण्यापूर्वी प्रत्येकाने थोडे थांबायचे. किती, ते मूळ स्रोतापासूनचे अंतर आणि थोडा दैवयोग यांवर ठरे. तेवढ्यात दुसऱ्याची मागणी ऐकू आली, तर आपण गप्प राहायचे. देणाऱ्यांनाही हाच दंडक. पंगतीत एकाने ‘मीठ!’ म्हटल्यावर शेजारी पुन्हा हाक देत नाही, तसेच हे. फक्त मीठ वाढप्याऐवजी पंगतीतलाच कोणी सरकवतो.

ही रीत ‘डब्ल्यूबी’ नावाच्या सामायिक फळ्यासाठी वापरली गेली. फळ्यावरची रेघ दोन सेकंद उशिरा उमटली, तरी बिघडत नाही. आवाजाचे तसे नाही. क्षण टळला की आलेले पॅकेट मातीमोल. शिवाय दुरुस्तीची प्रत सर्वांकडे जाई. एकाच्या कमकुवत जोडणीचा भार साऱ्या समूहाने वाहायचा, हे अन्यायाचेच होते.

१९९७ च्या ‘स्टॉर्म’ने या दोन्ही दुखण्यांवर बोट ठेवले. रेक्स शू, अँड्र्यू मायर्स, हुई झांग आणि राज यावतकर यांच्या या योजनेत प्रत्येक श्रोता वेळेत मदत करू शकतील असे काही सहश्रोते निवडी आणि थेट त्यांच्याकडेच मागे. किती विलंब सोसायचा, हेही ज्याचे त्याने ठरवायचे.

मल्टिकास्ट घरोघरच्या इंटरनेटपर्यंत कधी नीट पोहोचलेच नाही. २००४ मध्ये आलेल्या ‘कूलस्ट्रीमिंग’ने त्याच्यावाचून काम भागवले. त्यात प्रेक्षकांचे संगणक आपल्यापाशी चित्रफितीचे कोणते तुकडे आहेत, याची यादी एकमेकांना कळवत आणि उणे तुकडे परस्परांकडून मागून घेत.