खडूची खूण

मोटारगाडीत फेरफार करणे हा आज हौसेचा प्रांत झाला असला, तरी एके काळी तो दोषशोधनाचाच मार्ग होता, ही गोष्ट या विद्येच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते. मॉरिस ऑली हे इंग्रज अभियंते रोल्स-रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅककडे रुजू झाले, आणि दोनच वर्षांनी त्यांनी एका सात आसनी लिमोझिनला पुढे-मागे हलवता येतील अशी वजने लावली. प्रवाशाला सुख कशात वाटते हे सांगणारे उपकरण नव्हते. म्हणून वजने सरकवावीत, स्प्रिंगांचा ताठपणा बदलावा, गाडीत बसून रस्त्यावर जावे आणि स्वतःच्या देहाची साक्ष घ्यावी, अशी ही रीत होती. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ हव्यात, हा तिचा निर्णय. परंतु एकसंध आसाला तो मऊपणा पेलवेना, म्हणून १९३४च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाके परस्परांपासून स्वतंत्र झाली. वळणावर गाडी चालकाच्या हुकुमाहून अधिक वळते की कमी, याला ओव्हरस्टिअर आणि अंडरस्टिअर ही नावेही ऑलींचीच.

घसरणीचा प्रश्न याहून जुना. वळताना आतले चाक कमी आणि बाहेरचे अधिक फिरावे यासाठी डिफरन्शियलची योजना झाली खरी, पण पावसाळ्यात एक चाक चिखलात रुतले की तेच गरगर फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे स्वस्थ उभे असते, हा तिच्याच पोटातला दोष आपल्याकडे कोणत्याही कच्च्या रस्त्यावर दिसतो. १९७१ साली ब्युइकने मॅक्सट्रॅक नावाची यंत्रणा आणली. पुढच्या चाकाचा वेग आणि गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा वेग यांचा ती ताळा घेई, आणि तफावत वाढली की क्षणभर इंजिनाची ठिणगी तोडी. पुढे १९७८ साली ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी बॉशची एबीएस यंत्रणा मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आली, १९९५ साली घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी आली. पण चाकांचे वेग एकमेकांशी पडताळून पाहणे हा मूळ न्याय बदलला नाही. चाके सारख्या मापाची आहेत, एवढेच त्या न्यायाने गृहीत धरलेले असते.

ते गृहीतच मोडले तर काय होते, हे मी पुण्यातल्या एका लहानशा गॅरेजात पाहिले. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, स्प्रिंगा कापून बुटकी केलेली, पुढे कमी उंचीचे नवे टायर आणि मागे मूळचेच. कोरड्या सरळ रस्त्यावरही घसरणीचा दिवा लुकलुकतो, गाडी पिकअप घेत नाही आणि डावीकडे ओढते, अशी मालकाची तक्रार होती. अन्यत्र त्यांना कॉम्प्युटर बदलण्याचा सल्ला मिळाला होता. मिस्त्रींनी स्कॅनर लावून एक फेरी मारली. पुढची दोन चाके मागच्या दोहोंहून सतत अधिक वेगाने फिरत होती, म्हणजे सेन्सर खरेच बोलत होते. मग त्यांनी चाकावर आणि फरशीवर खडूने रेघ ओढली आणि पोरांकडून गाडी ढकलून घेतली. पुढच्या चाकाचे पाच फेरे साडेनऊ मीटरांच्या आत संपले. मागच्याला जवळजवळ दहा लागले. एवढी तफावत दिसल्यावर पुढची चाके घसरत आहेत असे यंत्रणेने मानावे आणि इंजिनाचा जोर तोडावा, यात तिचा काय अपराध?

गाडी डावीकडे का ओढते, हे मात्र उरलेच होते. पुढच्या डाव्या टायरची आतली कड तळहाताखाली गुळगुळीत लागत होती. “साहेब, कोणत्या बाजूचा किती वेढा कापला?” मिस्त्रींनी विचारले. मालकांना ते ठाऊक नव्हते आणि कुठे त्याची नोंदही नव्हती. ज्या फेरफाराला दप्तर नाही, त्याचा तपास पहिल्या अक्षरापासून करावा लागतो. मिस्त्रींनी चारही चाकांची मापे सर्व्हिस बुकात तारीख घालून लिहिली आणि मग डाव्या बाजूला जॅक लावला.