साडेदहा तासांचा बर्फ

दहावीच्या विज्ञानात ‘अप्रकट उष्मा’ शिकताना दोन आकडे भेटतात, ८० आणि ५४०. एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशालाच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात, एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशालाच वाफ व्हायला ५४०. मुलं ते पाठ करतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. या आकड्यांचं कुळ ग्लासगोचं.

बर्फ वितळायच्या बेतात आला की जराशा उबेनं त्याचं सगळं पाणी होतं, अशी अठराव्या शतकातल्या विद्वानांचीही समजूत होती. ग्लासगो विद्यापीठातला प्राध्यापक जोसेफ ब्लॅक याला ते पटेना. तसं असतं तर थंडी ओसरताच डोंगरावरचा बर्फ एका झटक्यात वितळून महापूर आले असते. प्रत्यक्षात तो कित्येक आठवडे तग धरतो.

मग त्यानं पातळ काचेचे दोन सारखे गोल चंबू घेतले, प्रत्येकात पाच औंस पाणी. एकातलं गोठवलं, दुसऱ्यातलं ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत नुसतं गार केलं. दोन्ही एका मोठ्या, रिकाम्या दालनात टांगले. तिथलं तापमान ४७ अंश. गार पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आलं. बर्फाच्या चंबूला तिथवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस पट वेळ. अर्ध्या तासात ७ अंश, तर एकवीस अर्ध्या तासांत १४७ अंशांइतकी उष्णता आत शिरली. तापमापकानं दाखवले फक्त ८. उरलेले १३९ बर्फाचं पाणी करण्यात खर्ची पडले होते. आजचा आकडा, म्हणजे तेच ८० फॅरनहाइटच्या मापात, आहे १४४! इतक्या तुटपुंज्या सामानावर इतका नेमका हिशेब विज्ञानात क्वचितच जमला असेल.

२३ एप्रिल १७६२ रोजी त्यानं हे काम विद्यापीठातल्या मंडळींपुढे वाचून दाखवलं. पुढे वाफेचीही पाळी आली. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पत्र्याच्या भांड्यातलं पाणी चार मिनिटांत उकळू लागलं, पण सगळं आटायला आणखी वीस मिनिटं गेली. हा हिशेब मात्र बराच कमी भरला.

त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटला थोडीशी वाफ आपल्या सहापट वजनाचं पाणी उकळवते हे दिसलं, तेव्हा त्याचा उलगडा ब्लॅकनंच केला. वॅटचं इंजिन त्यातूनच निघालं असं सर्रास सांगतात. खुद्द वॅटनं ते नाकारलं होतं.

ब्लॅकनं यातलं काही छापलं नाही. १७९९ मध्ये तो गेला आणि त्याची व्याख्यानं १८०३ मध्ये पुस्तकरूपानं आली. उष्णता हा एक प्रवाही पदार्थ आहे, ही त्या काळची कल्पना पुढे मोडीत निघाली, त्याचं मोजमाप टिकलं.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती. आकडे पाठ करून घेण्याआधी स्टीलचे दोन सारखे पेले घ्या, एकात बर्फ, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं बर्फगार पाणी ठेवा आणि मुलांना घड्याळ लावायला सांगा. आपल्याकडच्या हवेत साडेदहा तास थांबावं लागणार नाही.